उडीआधीचा आनंद

सोनघाटच्या जोखीम पंचायतीत तीन खुर्च्या होत्या आणि त्यांतल्या दोन खुर्च्यांचं मत सुनावणीआधीच अख्ख्या गावाला ठाऊक असायचं. अध्यक्ष केदार उपाध्ये, निवृत्त प्राचार्य, नियमावली वाचून ‘नाही’ म्हणायचे. झाकीर बागवान, फळांचे व्यापारी, नियमावली न वाचताच ‘हो’ म्हणायचे. “माणूस पडला की उचलायचा, एवढंच मला कळतं,” असं त्यांचं म्हणणं. “आंबा का पडला, हे आम्ही आंब्याला विचारत नाही.” त्यावर उपाध्ये म्हणायचे, की आंबा करदाता नसतो. थोडक्यात, खरा निकाल द्यायची ती तिसरी खुर्ची, आणि तिच्यावर सारिका नलवडे बसायची.

एके काळी शाळेच्या प्रत्येक वर्गात दोन-दोन सारिका असायच्या. आता ते नाव ऐकलं की पांढरे केस डोळ्यांपुढं येतात. ही सारिकाही छप्पन वर्षांची होती. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, आणि काउंटरवर ती. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या, आणि मोटार का जळली याबद्दल गिऱ्हाईक जे सांगतं ते सहसा खरं नसतं, हे तिला फार लवकर कळलं होतं. चिठ्ठी निघून वर्षभरासाठी ती पंच झाली तेव्हा तिला नवीन असं काही शिकावं लागलं नाही.

पंचायत आली ती मज्जासेतूमुळं. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू तुटला की पूर्वी मेंदूचा निरोप पायांपर्यंत पोचायचा नाही आणि माणूस कमरेखाली संपायचा. आता रुग्णाच्याच नाकातल्या पेशी काढतात, प्रयोगशाळेत वाढवतात, मऊ जेलच्या धाग्यावर चढवतात आणि तो धागा तुटलेल्या दोन टोकांमध्ये सेतूसारखा बसवतात. मांडवावर वेल सरकावी तसे मज्जातंतू त्या धाग्यावरून सरकतात आणि काही महिन्यांत माणूस उभा राहतो. अट एकच. हे सगळं दहा दिवसांच्या आत व्हायला हवं. नंतर जखमेवर व्रणाची भिंत उभी राहते आणि वेलीला पलीकडं जायला फट उरत नाही.

आरोग्यछत्र योजनेत सगळे उपचार सगळ्यांना मोफत होते. पण असे धागे बनवणारी प्रयोगशाळा राज्यात एकच, आणि कणा मोडून घ्यायचा उत्साह मात्र प्रत्येक तालुक्यात. तेव्हा असं ठरलं, की जो स्वतःच्या हौसेनं धोक्यात शिरला त्याला पलंग, सलाईन आणि सहानुभूती सरकार देईल. धागा देणार नाही.

हौस ओळखायची कशी? त्यासाठी हेतुलेख यंत्र होतं. माणूस एखादी गोष्ट करायला जातो तेव्हा मेंदूतल्या पेशींच्या सांध्यांवर प्रथिनांच्या बारीक खुणा उमटतात. आनंदाच्या वेगळ्या, भीतीच्या वेगळ्या. चार-पाच दिवस त्या टिकतात, मग विरतात. शरीरात एक निरुपद्रवी द्रव टोचून डोकं चुंबकाखाली ठेवलं, की कुठली खूण आधीची आणि कुठली नंतरची हे सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत सांगता येतं. ज्या बाईंनी हे यंत्र बनवलं, त्यांना अपघातातून वाचलेल्या माणसांच्या मनातली धास्ती शोधून ती बरी करायची होती. सरकारला त्याचा अधिक चांगला उपयोग सुचला. पडद्यावर आनंद हिरवा दिसतो, भीती लाल. लाल आधी असेल तर धोका माणसावर येऊन आदळला. हिरवं आधी असेल तर माणूस मजेनं धोक्याकडं गेला. नियम इतका सोपा होता, की तो लिहिणाऱ्यांना बढती मिळाली.

उन्हाळ्यात प्रल्हाद शेडबाळेची सुनावणी झाली. बैलगाडीच्या शर्यतीत गाडी उलटली आणि चाक पाठीवरून गेलं. पडद्यावर हिरवंगार रान. उपाध्ये म्हणाले, “जिंकत होता, आनंदात होता. विषय मिटला.” बागवान म्हणाले, “आनंदात होता म्हणजे गुन्हा झाला का सर? दुःखात शर्यतीला कोण जातं?”

मग सारिकानं प्रल्हादच्या बायकोला, पूनमला, एकच प्रश्न विचारला. “निघताना तुम्ही सांगितलं होतं का त्यांना, जाऊ नका म्हणून?”

“सांगितलं होतं.”

“मग?”

“हसले आणि गेले.”

हे शब्द सारिकाच्या कानाला फार ओळखीचे वाटले. इतके, की पुढचं काही ऐकायची तिला गरज उरली नाही. सांगूनसवरून, बजावून, तरीही. होकारासाठी पंचानं हात वर करायचा असे, तिचा हात टेबलावरच राहिला. पूनम उठताना खुर्चीला हात टेकून थोडी थांबली, कुणी आणखी काही विचारेल असं वाटून. कुणी विचारलं नाही. पुढं दहा दिवस उलटले आणि प्रल्हादच्या पाठीत भिंत उभी राहिली.

सारिकाला ते शब्द ओळखीचे वाटायचं कारण तिच्या घरातच राहत होतं. रणजित नलवडे, वय एकोणसाठ, पट्टीचा पोहणारा. सोनघाटला पुराचं पाणी पुलाच्या तिसऱ्या कमानीला लागलं की गावातल्या बाया पुलावर जाऊन कृष्णामाईची ओटी भरतात. हळदकुंकू, खण, आणि नारळ पाण्यात सोडतात. तो नारळ देवळाच्या पायऱ्या ओलांडून जायच्या आत पकडायचा, म्हणून पोहणारे कठड्यावरून उड्या घेतात. मोठी माणसं म्हणतात, ही श्रद्धा आहे. उड्या मारणारे म्हणतात, ही मजा आहे. रणजितनं लग्नाच्या पहिल्या वर्षापासून एकही पूर चुकवला नव्हता, आणि सारिकानं एकदाही उडी पाहिली नव्हती. ओटी भरून झाली की ती पाण्याकडं पाठ करायची आणि लोकांच्या ओरडण्यावरून नवरा वर आला की नाही ते ओळखायची. पकडून आणलेला नारळ ती कधी घरात फोडत नसे. शेजारी देऊन टाकायची.

त्या वर्षी श्रावणात पाणी चढलं. सकाळी चहा पिताना ती म्हणाली, “जाऊ नका.”

“हो,” रणजित म्हणाला, आणि टॉवेल शोधायला लागला.

“मी थट्टा करत नाही. तुमची केस आली तर माझा हात वर होणार नाही.”

“माझ्या केसला तू बसूच शकत नाहीस. नियम वाच जरा.”

“वाचलाय. उपाध्येंना बाहेरून सांगेन.”

“सांग की. त्याआधी टॉवेल कुठं ठेवलायस तेवढं सांग.”

तिनं सांगितलं. तीस वर्षांच्या संसारात हे सुद्धा ठरून गेलं होतं, की जाऊ नका म्हणायचं ते तिनं आणि टॉवेल द्यायचा तोही तिनंच.

पुलावर गर्दी होती. सरकारी ड्रोन वर घिरट्या घालत गोड आवाजात सांगत होता, “उडी मारल्यास विशेष उपचार देय राहणार नाहीत. सण आनंदात साजरा करा.” सारिकानं ओटी भरली. नारळ सुटला. सवयीप्रमाणं ती पाठ फिरवायला लागली, आणि थांबली.

तीन-चार महिने ती पडद्यावर हिरवा रंग बघत होती. कुणाचा हिरवा, कुणाचा पोपटी, कुणाचा गडद. पण तो आनंद माणसाच्या तोंडावर कसा दिसतो, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. म्हणून त्या दिवशी तिनं पाहिलं.

रणजित कठड्यावर उभा होता. पोट सुटलेलं, छातीवरचे केस पांढरे. त्यानं एकदा पाण्याकडं पाहिलं, गुडघे किंचित वाकवले, आणि त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते कुणासाठीच नव्हतं. गावासाठी नव्हतं, नारळासाठीही नव्हतं. दुकानात, जेवताना, मुलीच्या लग्नात, असं हसू तिनं पाहिलं नव्हतं. तिला एकदम राग आला, आणि रागामागून हेवा. तेवढ्यात त्याचे पाय सुटले.

आणि मग, पाय सुटल्यावर, खाली घाटाच्या पायरीवर उभी असलेली एक बाई घसरली. लतिका पुजारी, देवळामागच्या गल्लीतली. लाटेनं तिला एका घासात ओढलं. सारिकानं दोन्ही पाहिलं. रणजितनं हवेतच पाहिलं असावं, कारण नारळाच्या दिशेनं निघालेलं त्याचं अंग मधेच वळलं. मासा वळतो तसं. तो बाईजवळ पडला, तिला केसांना धरून पायरीपर्यंत रेटलं, लोकांनी तिला वर घेतलं. त्याच्यासाठी हात पुढं होत होते तेवढ्यात पुरातून आलेला बाभळीचा ओंडका त्याच्या पाठीवर बसला.

सरकारी इस्पितळात डॉक्टर ऋतुजा म्हेत्रेंनी सारिकाला बाजूला घेतलं. “मज्जारज्जू तुटलाय. धागा बसवला तर चालतील. पेशी मी आज वाढवायला पाठवते, पण धाग्यावर चढवायच्या तर पंचायतीचा होकार लागेल.”

“आणि हेतुलेख?”

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडं वळवला. आधी हिरवं. मग एक सेकंदसुद्धा पुरा व्हायच्या आत लाल. “दुसऱ्याला वाचवायला जीव धोक्यात घातला असेल तर नियमात सूट आहे. पण यंत्राच्या मते उडी आधीची आहे. फरक एवढा थोडा असेल तर पंच यंत्राऐवजी प्रत्यक्ष साक्षीदारावर विश्वास ठेवू शकतात. कुणी होतं का जवळ?”

जवळ गर्दी होती, पण दोन्ही पाहिलेली फक्त सारिका होती. ड्रोननं सगळं टिपलं होतं. फक्त नेमका त्या वेळी तो पुलाच्या दुसऱ्या टोकाला दंडाची सूचना द्यायला गेला होता. शेकडो फोनांनी नारळ टिपला होता. कठडा आणि पायरी एकाच चौकटीत कुणाच्याच आली नव्हती. लतिकाला तर पाण्यापलीकडचं काही आठवत नव्हतं.

बागवान भेटायला आले ते डाळिंबं घेऊन. “वहिनी, बाई आधी पडली. अख्खं गाव सांगतंय. तुम्ही गाव सांगतंय तेवढंच सांगा.”

“तुम्ही होता पुलावर?”

“नव्हतो. म्हणून तर मला इतकं नक्की माहीत आहे.”

ती हसली नाही. बागवानही हसत नव्हते. “तुम्ही बाहेर म्हणजे तिसरं मत नव्या पंचाचं. तो कोण असेल अल्ला जाणे. साक्ष पक्की पाहिजे.”

चौकात फलक लागला होता. ‘जलवीर रणजितअण्णा’. त्यात त्याचा फोटो वीस वर्षांपूर्वीचा होता आणि त्याच्यामागं कुठल्या तरी परदेशी समुद्राच्या लाटा होत्या. रणजितला कुणी तरी तो फोनवर दाखवला.

“मला ती दिसली गं,” तो म्हणाला. “पायरीवरून घसरताना. म्हणून मारली उडी. नाहीतर आज मनात नव्हतं फारसं, पाणी वंगाळ होतं.” तो खोटं बोलत नव्हता. माणसाची आठवण ही यंत्रासारखी क्रम सांभाळत बसत नाही. जे नंतर आलं आणि मोठं होतं, त्याला ती आदरानं पुढं बसवते. “तू बघितलं नसशील. तोंड फिरवून उभी असशील नेहमीसारखी.”

सारिका त्याची उशी सारखी करायला लागली.

“पाय झाक माझे. गार लागत असेल त्यांना.”

पाय तासाभरापूर्वीच झाकले होते. तिनं पांघरूण काढलं आणि पुन्हा घातलं.

त्या दिवसापासून ती मनाशी एक वाक्य म्हणत राहिली. आधी ती घसरली, मग ह्यांनी उडी मारली. भाजी निवडताना म्हटलं, औषधांच्या रांगेत म्हटलं. तिला वाटलं होतं खोटं बोलायला जड जाईल. तसं काही झालं नाही. दोन दिवसांत ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं, की खरं काय हे आठवायला डोळे मिटून पुलावर जावं लागायचं.

सुनावणी सातव्या दिवशी, इस्पितळाच्याच सभागृहात होती. रणजितला चाकांच्या पलंगावरून आणलं होतं. मुलगी दूरदेशी, ती पडद्यावर होती. सारिका साक्षीदारांच्या बाकाकडं गेली आणि सवयीनं तिसऱ्या खुर्चीकडं पाहिलं. तिथं पूनम शेडबाळे बसली होती.

उपाध्ये घसा साफ करून म्हणाले, “राज्यात निदर्शनं झाली होती, त्यानंतर शासनानं नियम केला. पंचाची जागा रिकामी झाली तर ती नाकारलेल्या कुटुंबांतून चिठ्ठीनं भरायची. लोकांना आपलं कुणी तरी आत आहे असं वाटावं म्हणून.” नाकारलेल्यांनाच नाकारणाऱ्यांचा निकाल द्यावा लागेल, ही अडचण शासनाच्या लक्षात आली नसावी, असं त्यांना म्हणायचं होतं, पण शासनाला अडचणी येतात हे त्यांनी आयुष्यात कधी जाहीरपणे मान्य केलं नव्हतं. “साक्षीदाराला हरकत घ्यायचा अधिकार आहे. हरकत घेतल्यास नवीन पंच नेमायला पंधरा दिवस लागतील.”

पंधरा दिवसांत भिंत उभी राहिली असती. सारिका म्हणाली, “हरकत नाही.”

पूनमनं मान हलवली. खुर्चीत ती पुढं सरकून बसली होती. त्या खुर्चीला पाठ टेकायची तिला अजून सवय नव्हती.

“सरळ प्रश्न आहे,” उपाध्ये म्हणाले. “उडी आधी, की बाई आधी?”

वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. तिनं तोंड उघडलं आणि नजर पूनमकडं गेली. पूनमच्या डोळ्यांत राग असता तर सोपं गेलं असतं. रागापुढं सारिकाला बोलता यायचं, काउंटरवर तिनं दुसरं केलं तरी काय होतं? पण पूनम तिच्याकडं नुसती बघत होती, आपण ज्या जागी उभे होतो तिथं आता दुसरं कुणी उभं आहे, असं. त्या बाईलाही एका शब्दानं खोटं बोलता आलं असतं. ‘नाही हो, मीच म्हटलं जा.’ एवढंच. तिला तसं सुचलं नव्हतं, किंवा सुचूनही तिनं केलं नव्हतं.

“उडी आधी,” सारिका म्हणाली.

बागवानांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“ताई, तुमच्या मनावर ताण आहे,” उपाध्ये म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. नियमात बसत नसलं तरी त्यांना वेगळं उत्तर हवं होतं. “पुन्हा विचारतो.”

“पुन्हाही तेच. नारळासाठी मारली उडी. हसत होते.”

पलंगावर हालचाल झाली. “तू बघत होतीस?” रणजित म्हणाला.

“हो.”

“आणि ती… मागनं पडली?”

“तुमचे पाय सुटल्यावर.”

रणजित छताकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून काही तरी उतरत गेलं, आणि ते उतरताना सारिकाला दिसलं. पाय गेल्यावर त्याच्याकडं ती एकच गोष्ट उरली होती. मान जेवढी वळत होती तेवढी वळवून त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

“साक्ष संपली,” उपाध्ये म्हणाले.

“नाही संपली,” सारिका म्हणाली. “ती पडली तेव्हा हे हवेत होते. तिथून वळले. मी पाहिलंय, अंग मोडून वळले. तसं वळायला येतं कधी? तीस वर्षं मजेसाठी उड्या मारल्या की येतं. मी जाऊ नका म्हणत होते, ते यांनी ऐकलं असतं तर आज हे दुकानात बसले असते, आणि पुजाऱ्यांच्या घरात सुतक असतं. आता यातलं हिरवं किती आणि लाल किती, ते तुम्ही यंत्राला विचारा. मला नाही सांगता येत. उन्हाळ्यात मला वाटलं होतं, येतं म्हणून.”

“आपण आज पंच नाही,” उपाध्ये म्हणाले.

“माहीत आहे.”

उपाध्यांचा हात टेबलावर राहिला. त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरला होता. बागवानांचा हात केव्हाच वर गेला होता. सगळे पूनमकडं बघायला लागले. सारिकाला वाटलं, आता ती विचारणार. तोच प्रश्न, त्याच शब्दांत. तिनं उत्तर तयार ठेवलं.

पूनमनं विचारलं, “तुम्हाला काय पाहिजे?”

उपाध्ये म्हणाले, “असा प्रश्न नियमावलीत नाही.”

“मला कुणी विचारला नाही, त्यावरून कळलं मला ते,” पूनम म्हणाली. “सांगा, ताई.”

“हे चालायला पाहिजेत.”

“मग खरं कशाला सांगितलंत?”

“तुम्ही सांगितलं होतंत, म्हणून.”

पूनमनं पुढ्यातला कागद बाजूला सारला. मग तिनं हात वर केला. भाषणात करतात तसा नाही, शाळेत पाणी प्यायला जायचं असलं की मुली करतात तसा, कोपरातून.

“होकाराचं कारण नोंदवावं लागतं,” उपाध्ये हळूच म्हणाले.

“कणा मोडलाय,” पूनम म्हणाली. “असं लिहा.”

उपाध्यांनी थोडा विचार केला, आणि तसंच लिहिलं.

दोन दिवसांनी धागा आला. रणजितला शस्त्रक्रियेच्या खोलीत नेताना सारिका पलंगाच्या बरोबरीनं चालत गेली. सुनावणीपासून तो तिच्याशी पाणी मागण्यापुरतं बोलला होता. चौकातला फलक अजून तसाच होता. खरं काय ते कळूनही गावानं तो काढला नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं होतं. दाराशी आल्यावर तो म्हणाला, “तीस वर्षं बघितलं नाहीस. यंदाच बरं सुचलं तुला.” दार लागलं.

सहा तास लागतील, असं डॉक्टर म्हेत्रे म्हणाल्या होत्या. व्हरांड्यात पूनम उभी होती. प्रल्हादची औषधं न्यायला आली होती. सारिका तिच्याजवळ गेली.

“आभार मानू नका,” पूनम म्हणाली. “तुमच्यासाठी नाही केलं.”

“मग?”

“सकाळी घरनं निघाले ते नाही म्हणायचं ठरवूनच. म्हटलं, कळू दे यांनाही. मग तुमच्या मालकांनी भिंतीकडं तोंड केलं. आमचे तसंच करतात. दिवसभर.” तिनं औषधांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “तुमचं नाकारून आमचं घर चालायला लागलं असतं, तर केलं असतं, खरं सांगते.”

सारिकानं मान खाली घातली. पूनम दोन पावलं गेली आणि वळली.

“इथं बसून काय करणार आहात आता?”

“काही नाही.”

“मग चला. दुपारी त्यांची कूस बदलायची असते. दीर येतो मदतीला, तो आज गावाला गेलाय. एकटीला उचलत नाहीत.”

शेडबाळ्यांचं घर उसाच्या कडेला होतं. सोप्यात खिडकीजवळ खाट लावली होती. प्रल्हाद दाराकडं पाठ करून पडला होता. पावलं ऐकून त्यानं मान वळवली, सारिकाला पाहिलं, ओळखलं. चाळिशीचा माणूस, गालफडं बसलेली, दाढी मात्र नीट केलेली.

“कोण आलंय बघा,” पूनम म्हणाली.

“बघितलं.” तो म्हणाला. “हात वर करायला आल्यात का?”

“उचलायला आल्यात.”

सारिका खाटेच्या पलीकडच्या बाजूला गेली. पूनमनं तिला दाखवलं, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, चादरीसकट धरायचं, कातडी ओढायची नाही. सारिकानं हात आत घातले. पाठ गरम होती आणि वाटलं होतं त्यापेक्षा जड होती.

“जपून हं, ताई,” प्रल्हाद छताकडं बघत म्हणाला. “पडून पडून वजन वाढलंय. पण ते माझ्याच चुकीनं वाढलंय, योजनेत बसत नाही.”

पूनम हसली नाही. तिचं हे आधीही ऐकून झालं असावं.

“प्रल्हाद,” सारिका म्हणाली, “मी त्या दिवशी—”

“ते मागनं,” तो म्हणाला. “आधी कूस.”

पूनमनं मोजायला सुरुवात केली, आणि सारिकानं हात आणखी आत सरकवले.